निकालात मुली पुढे, मग बारावीनंतर त्या जातात कुठं? आणि पोरं नववीतच कुठं हरवतात?

गणिताच्या_मॅडम

दहावीचा निकाल लागला की पेपरात ठरलेला मथळा असतो, 'यंदाही मुलींचीच बाजी'. २०२५ च्या निकालात राज्यात ९६.१४ टक्के मुली पास झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलं. आपल्या शेजारचा नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांवर, राज्यात सगळ्यात खाली. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. मुली पुढं गेल्या याचा आनंद मला आहेच. पण त्याच मुली तीन-चार वर्षांनी बाजारात भेटतात तेव्हा कडेवर लेकरू असतं. आणि जी मुलं मागं पडली ती भेटतात पानठेल्यावर, नाही तर चाकणच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागल्याचं कळतं.

मला जे दिसतं ते सांगते. सातवीपर्यंत दोघं जवळपास बरोबरीनं चालतात. आठवी-नववीत वाटा फुटतात. त्या डोक्यामुळे फुटत नाहीत. चौदाव्या वर्षी घर आणि गाव त्यांच्याकडून काय मागतं, त्यावर सगळं ठरतं.

मुलीकडून वेळ मागतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला आला की नववीच्या मुलींची हजेरी गळायला लागते. मजूर मिळत नाही, मिळाला तर वेचाईचा भाव परवडत नाही, मग आईच्या जोडीला पोरगी. सोमवारी ती वर्गात येते तेव्हा बोटांच्या टोकांवर बोंडाच्या वाळक्या टोकांचे ओरखडे असतात, नखाजवळची कातडी फाटलेली. कंपास धरताना ती अंगठा वाकडा करून घेते, दुखऱ्या जागेवर दाब येऊ नये म्हणून. वर्तुळ काढायला तिला वेळ लागतो, पण वर्तुळ नीट येतं.

मुलाकडून मात्र कोणी काही मागत नाही. तो कुठं आहे, हे सुद्धा विचारत नाही. मुलगी पाच मिनिटं उशिरा निघाली तर मला घरून फोन येतो. मुलगा तीन दिवस शाळेत नाही, हे घरी माहीतच नसतं. मी फोन केला की आई म्हणते, 'तो तर रोज डबा घेऊन जाते मॅडम.' मग मोबाईल, मग खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण), मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर रोजी. एकदा हातात पैसे खेळायला लागले की दहावीचं पुस्तक त्याला परत धरवत नाही.

आपण याची 'मुली की मुलं' अशी शर्यत लावतो, म्हणून दोघांचं नुकसान नजरेतून सुटतं असं माझं ठाम मत आहे. मुलीला मोकळीक नाही, मुलाची विचारपूस नाही. तुमच्या गावात काय दिसतं? पालकांनी लिहावं, आणि नुकतीच शिकून बाहेर पडलेल्या पोरापोरींनी तर नक्की लिहावं.

कास्तकार_आर्णी

मॅडम, मी बापाच्या बाजूनं लिहून राह्यलो. माह्या पोरीनं बारावी सायन्स केलं, टक्के चांगले आहेत. तिले बीएस्सी करायचं आहे. कालेज तालुक्याच्या गावी. प्रॅक्टिकल पाच वाजता सुटते अन् आमच्या रस्त्याची शेवटची गाडी साडेपाचले निंगते. गाडी भेटली तरी फाट्यावर उतरा लागते. तिथून गाव तीन किलोमीटर, मधात एक बी दिवा नाही. अन् गाडी चुकली त काय? मानव विकास योजनेची निळी बस येते आमच्याकडे, पण ते शाळेच्या पोरींसाठी, शाळेच्या टायमावर.

लोकं म्हंतात बाप मागासलेला. मी मागासलेलो नाही, मले भेव लागते. घरात आतापासून सोयरिकीचे निरोप येऊन राह्यले. सोयरे विचारतात, 'शिकवून काय करता, मंग तेवढाच शिकेल पोरगा पाहा लागीन.' माहा मोठा पोरगा त्याच रस्त्यानं रात्री अकराले येते. त्याले कोनी विचारत नाही, मॅडमचं हे खरं आहे.

सातपुडा_७७

मॅडमच्या भावना समजतात, पण निसर्गानंच फरक केला आहे हेही मान्य करायला हवं. मुलींचं पाठांतर चांगलं, अक्षर चांगलं, आणि दहावीचा पेपर पाठांतराचाच असतो. खरी कसोटी लागते ती जेईईला. तिथं मुलं पुढे असतात. आयआयटीत मुलींची संख्या वाढावी म्हणून २०१८ पासून जादा जागा काढाव्या लागल्या. मी मुलींच्या विरोधात नाही, मला दोन मुलीच आहेत. पण मुलांचं डोकं गणितात आणि यंत्रात जास्त चालतं, हे माझ्या अनुभवाचं बोलणं आहे.

आकडे_बोलतात

सातपुडाजी, अनुभवाचा मान राखून थोडे आकडे ठेवतो. मुलांना प्रत्यक्षात काय येतं हे तपासणाऱ्या 'असर' अहवालाची २०२३ ची पाहणी ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या पोरापोरींची होती. देशातले निवडक जिल्हे घेतले होते, महाराष्ट्रातून नांदेड, म्हणजे यवतमाळला लागूनच. दुसरीच्या पातळीचा मातृभाषेतला उतारा ७६ टक्के मुलींना वाचता आला, मुलांना ७०.९ टक्के. साध्या भागाकारात मुलं थोडी पुढे होती, पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं मुलं-मुली मिळून निम्म्यांनाही जमलं नाही. वाचनात मुली पुढे हे जगभर दिसतं. पिझा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी होते, तिच्यातही तेच. गणितातला फरक मात्र देशादेशाप्रमाणे बदलतो, कुठं मुलं पुढे, कुठं मुली, कुठं फरकच नाही. निसर्गाचा नियम असता तर तो देश पाहून बदलला नसता.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे होता आणि १९.८ टक्के मुलींकडे. अकरावीपासून पुढं विज्ञान-गणिताकडे ३६.३ टक्के मुलं गेलेली, मुली २८.१. आता जेईईचं बघा. तयारी कशावर होते? फोनवरचे व्हिडिओ, ऑनलाइन टेस्ट, नाही तर नागपूर-कोट्यात खोली घेऊन क्लास. आर्णीच्या दादांनी वर जे लिहिलं ते वाचा आणि सांगा, त्यांची मुलगी जेईईत मागं राहिली तर त्याला डोकं कारण म्हणायचं की साडेपाचची गाडी?

गणिताच्या_मॅडम

पाठांतराबद्दल माझ्या वर्गातलं एक सांगते, सातपुडाजी. नववीतला एक मुलगा आहे. बापाबरोबर कापूस विकायला जातो. साडेसहा क्विंटलला अमुक भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, घरी किती आले, हे तो तोंडी सांगतो, मला कागद लागतो. त्यालाच शेकडेवारीचं शाब्दिक उदाहरण दिलं की गप्प. बाजूला बसवून मोठ्यानं वाचायला लावलं तेव्हा कळलं, 'छापील किमतीवर' या शब्दाशीच तो अडखळत होता आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरत होता. मी उदाहरण वाचून दाखवलं, त्यानं उत्तर लगेच सांगितलं.

मुलं गणितात नापास होतात त्यातली कितीतरी वाचनात नापास असतात. जोडाक्षरं चौथीत कच्ची राहिली, कोणी थांबून पाहिलं नाही, नववीपर्यंत ढकलत आणलं. मुलीचंही कच्चं राहतं, पण तिला निदान घरात धाकट्याला शिकवायला बसवतात. मुलाला लाज वाटते म्हणून तो मागच्या बाकावर जातो, तिथून पानठेला जवळच.

आरोग्यताई_दिग्रस

मी उपकेंद्रात काम करते, शाळा तपासणीलाही जाते, म्हणून शरीराच्या बाजूचं लिहिते. यावर कोणी बोलत नाही आणि सगळा गोंधळ इथंच होतो.

मुली साधारण दोन वर्षं आधी वयात येतात. सातवी-आठवीचा वर्ग बघा, मुली उंच झालेल्या, मुलं अजून लेकरासारखी. मग गाव काय करतं? मुलगी मोठी दिसली की तिला मोठी धरतं. ओढणी, सायकल बंद, खेळ बंद, 'आता तू लहान नाहीस.' तेरा वर्षांची पोर ती, मनानं लेकरूच असते. मुलाचं उलटं. दोन वर्षांनी तो झपाट्यानं वाढतो, आवाज फुटतो, मिसरूड येते, आणि त्याच्याशी त्याबद्दल एक शब्द कोणी बोलत नाही. आई बोलू शकत नाही, बाप बोलत नाही. जे कळतं ते मोबाईलवरून, नको तसं. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. राणी बंग यांनी पोरापोरींसाठी 'तारुण्यभान'ची शिबिरं घेतली, शरीर आणि मनाबद्दल मोकळेपणानं बोलणारी. असं काही तालुक्यातालुक्यात, मुलांसाठीसुद्धा, व्हायला पाहिजे.

दुसरं रक्ताचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलेली मुलगी वर्गात पेंगते, तिला धाप लागते, लक्ष राहत नाही. मास्तर म्हणतात आळशी. शाळेत आठवड्याला निळी लोहगोळी देतो ना, ती सहावी ते बारावीच्या मुलामुली दोघांनाही असते. पण मुली ती हातात घेतात आणि बाहेर जाऊन फेकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळते. सकाळी चहा-टोस्टवर आलेल्या मुलीला गोळी देऊ नका, खिचडीनंतर द्या, आणि तिनं गिळेपर्यंत समोर उभं राहा. वरच्या वर्गांना खिचडी नसते, तिथं डबा खाल्ल्यावर द्या. चहाबरोबर तर नकोच, लोह अंगी लागत नाही.

पाळीचे चार दिवस मुलगी का येत नाही, हे शाळेच्या संडासात जाऊन बघा. दार आहे पण कडी नाही, टाकी आहे पण पाणी वर चढत नाही. महिन्याला चार दिवस धरा, वर्षाचा हिशेब कुणीही करावा.

आणि खर्रा. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत हे वेगळंच संकट आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घासून देणारा ठेला शाळेच्या कोपऱ्यावर आहे. शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, तरी आहे. तपासणीत मी मुलांना सांगते, तीन बोटं उभी करून तोंडात घाल. दहावीतल्या काही मुलांच्या तोंडात दोनच जातात. गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठ झालेली. तिखट भाजी लागली की डोळ्यात पाणी. पंधरा वर्षांचं पोर! त्याला शाळेचा डबा नकोसा होतो याचं खरं कारण हे असतं, आणि आईला वाटतं भाजी आवडत नाही. मुलांच्या वाढीबद्दल बोलायचं तर मला हे आधी बोलायचं असतं.

घाटंजीची_लेक

मी घाटंजी तालुक्यातली, आता अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडमनी बोलावलं म्हणून लिहिते.

मला दहावीला चांगले मार्क पडले, दादा दहावीत दोन विषयांत राहिला. सगळे म्हणाले पोरगी हुशार, पोरगा वाया गेला. मी खूप विचार केला आहे यावर. मला संध्याकाळी सहानंतर अंगणाबाहेर जायची परवानगी नव्हती. घरात काय करणार? स्वयंपाक झाला की पुस्तक. दादाला बंदी नव्हती, तो घरात नव्हता, पुस्तकही नव्हतं. माझे मार्क माझ्या मेहनतीचे आहेतच, पण त्यात बंदीचाही वाटा आहे, आणि दादाच्या नापास होण्यात मोकळेपणाचा. तो माझ्यापेक्षा कमी हुशार नाही. मोटारपंप खोलून परत बसवतो, तोही कुणी न शिकवता.

माझी फी माफ आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी निम्मी होती. हा निर्णय झाला नसता तर मी इथं नसते, बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण सरकारी प्रवेश फेरीतूनच (कॅप) ॲडमिशन घ्यावी लागते, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर सवलत नाही. गावातल्या एका मैत्रिणीला हे कुणी सांगितलं नाही, तिचं वर्ष गेलं. आणि खोली-मेसचा खर्च यात येत नाही, आमच्या घरी भांडण व्हायचं ते त्यावरूनच.

चाकण_ते_बाभूळगाव

ताई, तुमच्या दादासारखाच मी. दहावीत इंग्रजी अन् गणित गेलं. अठराचा झाल्यावर गावच्या पोरांसोबत चाकणले गेलो. ठेकेदाराकडं हेल्पर, बारा तास उभं, एका खोलीत आठ पोरं. तिथं एक गोष्ट समजली. मशीनवर उभा राहणारा आयटीआयवाला असते, झाडू मारणारा दहावी नापास. काम तेच दिसते, पगार अन् मान वेगळा. मी परत आलो, दहावीचे विषय काढले, आता इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करून राह्यलो. वर्गात मुली थोड्या आहेत, पण आहेत, अन् वायरिंगमध्ये त्यांचा हात आमच्यापेक्षा साफ आहे.

एक मनातलं विचारतो, राग मानू नका. मुलींले फी माफ, एसटीचा पास फुकट, सायकल बी. द्यायलेच पाहिजे. पण ज्या पोराचा बाप मजूर आहे त्याले काय? आम्ही पोरगी पाहायले जातो त 'नोकरी आहे का' विचारतात. शेतीवाल्याले पोरगी भेटत नाही. पोरी शिकल्या, त्यांनी नकार द्यावा, त्यांचा हक्क आहे. पण शेती करणाऱ्या पोराले शिकवायचं कोणाच्या डोक्यात आहे का?

शिष्यवृत्ती_मदत

राग कशाला, बरोबर प्रश्न आहे. मी सेतू केंद्रात फॉर्म भरायचं काम करतो, रोजचं माहीत आहे ते सांगतो. मुलांसाठी काहीच नाही असं नाही, फक्त कुणी सांगत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बल मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेत फीची निम्मी सवलत मिळते, ओबीसी मुलांनाही तेवढीच. खोली-मेसच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलामुलींसाठी आहे. घाटंजीच्या ताई, तुम्ही हा भरला का? नसेल तर लगेच बघा. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेबांचं नाव त्या योजनेला उगीच दिलेलं नाही, १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली तेव्हापासून कास्तकाराच्या पोरानं शिकावं हाच त्यांचा ध्यास होता. एसटीच्या मासिक पासात मुलांना ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा.

पण माझ्याकडे फॉर्म भरायला मुलीबरोबर बाप येतो. मुलगा एकटा येतो, अर्धे कागद नसतात, उत्पन्नाचा दाखला नसतो, परत पाठवला की पुन्हा येत नाही. मुलाबरोबरही कुणीतरी यावं, एवढीच माझी विनंती आहे.

सातपुडा_७७

आकडेवाल्यांचा फोनचा मुद्दा मला पटला. माझ्या मोठीकडे स्वतःचा फोन नव्हता, ती आईचा वापरायची, तोही रात्री. मुलांचं यंत्रात जास्त चालतं हे माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण चाकणच्या भावानं मुलींच्या वायरिंगबद्दल लिहिलं ते लक्षात ठेवीन.

जुनी_कामठी

नागपूर भागातल्या जाईबाई चौधरी यांचं नाव इथं यायला हवं. दलित घरातल्या बाई, रेल्वे स्टेशनवर हमाली केली, शिकल्या, आणि १९२० च्या दशकात नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा काढली. विदर्भात मुलींच्या शिक्षणाची वाट पुण्या-मुंबईच्या लोकांनीच दाखवली असं नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायका त्या शाळेमुळे सही करायला शिकल्या.

आरोग्यताई_दिग्रस

आर्णीच्या दादा, सोयरिकीचं वाचून राहवत नाही. पोरगी बारावी झाली म्हणजे अठराच्या आसपास असेल. त्याच कुटुंब पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कुणाच्याही घरी अठराच्या आतली सोयरीक ठरत असेल तर ग्रामसेवकाला सांगा, गावात बालविवाह रोखायचा अधिकारी तोच असतो. १०९८ वर फोन केला तरी चालतो, नाव सांगावं लागत नाही. अठरा झाली म्हणजे लगेच उरकलं पाहिजे असंही नाही. एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणाला आलेल्या, आठ हिमोग्लोबिनच्या पोरी मी बघते. शिकू द्या तिला तीन वर्षं, अंग तरी भरेल.

कास्तकार_आर्णी

ताई, अठरा झाले तिले. सोयरिकीले मी सध्या नाही म्हनलं आहे, तिच्या आईचं बी तेच मन आहे. अडचण गाडीची आहे. आमच्या अन् बाजूच्या दोन गावातल्या पोरी मिळून त्या कालेजात जानाऱ्या बऱ्याच होतीन. पोरं बी आहेत. साडेपाचची गाडी सहाले करा, एवढंच मागायचं आहे. अर्ज कोनाले करा लागते?

गणिताच्या_मॅडम

आगार व्यवस्थापकाच्या नावानं करा, एक प्रत यवतमाळच्या विभाग नियंत्रकांना. तिन्ही गावांच्या ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, त्यात गाडीची आत्ताची वेळ आणि मागितलेली वेळ दोन्ही लिहा. कॉलेजच्या प्राचार्यांकडून पत्र घ्या, प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं ते त्यात असू द्या. सोबत विद्यार्थ्यांची यादी: नाव, गाव, वर्ग. यादीत मुलांचीही नावं घाला, प्रवासी जास्त दिसले की गाडी लवकर बदलते. गाडी गावात येऊन थांबावी अशीही मागणी करा, नाही तर फाट्याचा अंधार तसाच राहील. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी ग्रामपंचायतीला वेगळा अर्ज द्या. कॉलेज सुरू व्हायच्या आधी हे सगळं आगारात पोचलं पाहिजे, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

कास्तकार_आर्णी

बरं मॅडम. यादी पोरगी बनवून राह्यली. बाजूच्या गावी माहा पोरगा जाईन नावं घ्यायले, त्याले सांगतलं.